जीवनचं बेट

मंगळी : ...आन् रविवारी जयश्रीचं लगीन ठरवाया येतील ती लोकं. जीवनची आय सकुबाई, तिचा दीर, अजून दोन-चार माणसं. सगळ्या वाडीला कळलंय. आता ऐन वेळेला तू वाशिंदवरनं येतेस आन् बोलतेस, जीवन नको. आगो, जयश्री तुजी सख्खी भैण हाय. तिचं बरं व्हताना तुला का दुखतंय?

वेणू : दुखतंय म्हणूनच आली, आये. दिनेशला पण आणणार होती. तो बोलला, माझ्यानं नाय सांगवणार, तूच जा.

मंगळी : आत्ता गेल्या महिन्यात तू, तुजा नवरा आन् पोर त्याच जीवनकडं राहून आलात की. विमानात बसलात. पोर समुद्रात खेळते ते फोटो मला दाखवलेस. तवा काय वाईट बोलली नाय तू.

वेणू : ते फोटो पहिल्या दिवसांचे. ते दिवस चांगलेच होते, खोटं कशाला बोलू? अंदमानात भाड्याचं घर हाय त्याचं. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीतून सरळ समुद्र दिसतो. स्वतःची खाट आमाला दिली आणि आपण बाहेर चटई टाकून झोपला. सकाळी जाऊन मासे आणायचा, स्वतःच तळायचा, मला चुलीकडं येऊ द्यायचा नाय. मनस्वी दिवसभर पाण्यात. दिनेश तर नुसता नारळाखाली पडून. लग्न झाल्यापासून मी त्याला असा निवांत पडलेला बघितला नव्हता, कंपनी नाय, शिफ्ट नाय. संध्याकाळी दोघं आश्रमशाळेच्या गोष्टी काढून हसत बसायचे. थंडीत एका चादरीत झोपायचे ना ते तिथं. मी मनात बोलली, जयश्री इथं सुखात राहील.

मंगळी : मंग?

वेणू : तो टुरिस्ट लोकांची गाडी चालवतो. एक दिवस बोलला, पुढची सीट रिकामी हाय, बसा, तुमाला जंगल दाखवतो. मागं चार पाहुणे होते, कुठल्या तरी मोठ्या शहरातले. रस्ता जंगलातनं जातो, आये, आणि त्या जंगलात तिथली मूळची माणसं राहतात. आपल्या आजा-पणज्यासारखी, रानातलं खाऊन. फाटकावर मोठा बोर्ड लावलाय. गाडी थांबवू नका, खायला देऊ नका, फोटो काढू नका. गाड्या रांगेनंच सोडतात. फाटकाच्या अलीकडं जीवननं केळ्यांची फणी घेतली आणि माझ्या पायाशी ठेवली. मला वाटलं, मनस्वीसाठी घेतली.

(जयश्री आतून पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि दाराशीच उभी राहते.)

मंगळी : ये गो, बस. तुज्याच लग्नाचं चाललंय. ताई तुजी मोडाया आलीय.

जयश्री : ऐकलं मी. बोल ताई.

वेणू : एका वळणावर त्यानं गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला दोन बाया उभ्या होत्या. एक म्हातारी, एक माझ्याएवढी. तिच्या कडेवर लेकरू. मागच्या चौघांनी लगेच मोबाइल काढले. जीवननं वाकून फणीतलं केळं तोडलं, खिडकीतून तिला दाखवलं आणि हिंदीत बोलला, नाच. पहले नाच, फिर मिलेगा. हातानं करून पण दाखवलं. मागची माणसं हसायला लागली. एक जण बोलला, अरे इसको नहीं आता, दूसरी को बोलो.

मंगळी : जीवन बोलला? आपला जीवन?

वेणू : आपलाच. सकुबाईचा. त्या बाईनं लेकराचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. तिला समजत होतं, आये. भाषा नसेल येत, पण हे समजायला भाषा लागत नाय. जीवननं केळं तिच्या पायाशी धुळीत फेकलं, कुत्र्याला टाकतात तसं. मग दुसरं तोडलं आणि आपल्या मनस्वीच्या हातात दिलं. बोलला, तू टाक बेटा, बघ कशी उचलते ती. आणि पोरीनं हात वर केला. तिला काय कळतं? काका सांगतो, खेळ हाय. मी तिचं मनगट एवढं जोरात धरलं की ती रडली.

मंगळी : दिनेश काय करत व्हता?

वेणू : तो आपल्या बोलीत बोलला, मागच्यांना समजू नये म्हणून. बोलला, जीवन्या, तलावावर पिकनिकवाले आपल्याला असंच करायचे. विसरलास काय?

जयश्री : मग तो?

वेणू : हसला. बोलला, विसरलो नाय. तेव्हा आपण खाली होतो, आता गाडीत हाव.

मंगळी : आन् तू?

वेणू : मला ओकारी आली. काच खाली करून तिथंच ओकली. सकाळचे त्याच्या हातचे मासे सगळे बाहेर पडले. त्याला वाटलं, मला गाडी लागली. लिंबू देत होता.

मंगळी : आगो, पण पोटासाठी करत असंल. गिऱ्हाईक खूश ठेवावं लागतं. परक्या मुलखात एकटा पोर. त्यानं काय कुणाला मारलं नाय.

वेणू : लहानपणी तू मला मारलं होतंस, आये. तलावाच्या बांधावर. मी आणि वाडीतला बारकू पिकनिकवाल्यांच्या गाडीपुढं नाचत होतो. त्यांनी टाकलेलं बिस्कीट मी तोंडात घातलं. तू लाकडाची मोळी टाकून धावत आलीस आणि तोंडात बोट घालून ते बाहेर काढलंस. घरात त्या दिवशी काय शिजलं नव्हतं, तरी काढलंस.

मंगळी : ते... ते आठवतंय तुला?

वेणू : ती बाई लेकराला खांद्यात दाबत होती ना, तेव्हा आठवलं.

जयश्री : पुढं काय झालं? भावजी भांडले का?

वेणू : भांडले नाय. घरी आल्यावर दिनेशनं पिशव्या भरल्या आणि आमी बाजारातल्या एका लॉजवर गेलो. कोंदट खोली, पंखा पण धड नाय. मनस्वी समुद्रासाठी रडायची. तरी परतीच्या विमानापर्यंत तिथंच राहिलो. जीवन रोज यायचा. त्याला खरंच समजत नव्हतं, आमी कशाला रागावलो. एकदा तळलेले मासे घेऊन आला, डबा भरून. दिनेशनं दारातूनच परत केला. तेव्हा जीवन मला बोलला, वहिनी, त्या जंगल्यांपायी तू आपली माणसं तोडतेस? ती माणसं हाईत काय? आये, हाच शब्द आपल्याला बोलायचे. जंगली. त्याला पण बोलायचे, शाळेत. आता तो शब्द त्याच्या तोंडात किती सहज बसलाय. मला त्याच्या तोंडाची किळस आली. तो चांगला वागला ते सगळं आठवतं, खाट दिलेली आठवते, आणि तरी किळसच येते. माझ्या आणि दिनेशच्या घरात आता त्याचं नाव मायेनं निघत नाय.

मंगळी : मंग आल्या आल्याच का नाय सांगितलंस?

वेणू : दिनेश बोलला, थांब, तो फोन करेल, चुकलं बोलेल. मी थांबली. तो रोज फोन करतो, पण चुकलं नाय बोलत. रविवारी काय काय जेवण करणार, ते विचारतो.

जयश्री : त्यानं मला सांगितलंय हे.

मंगळी : काय सांगितलंय?

जयश्री : केळ्याचं. फोनवर, हसत. तुझ्या ताईला गाडीत ओकारी झाली, मग मॅडमचा मूड गेला, असं. बाई कशी उभी राहिली, लेकरू कसं धरलं, त्याची नक्कल पण केली. मला वाटलं, वाढवून सांगतोय, थट्टा करतोय. ताईकडनं ऐकलं तर काहीच वाढवलेलं नव्हतं.

मंगळी : तुज्या मनात काय हाय, बाय? तो तुला आवडतो, मला ठाऊक हाय.

जयश्री : आवडायचा. चांगला बोलतो. पण उद्या मला पोर झालं, तर त्याच्या हातात पण तो केळं देईल, आये. आणि तिथं मनगट धरायला मी एकटी.

(मंगळी जयश्रीच्या हातून तांब्या घेते आणि पाणी पिते.)

वेणू : तू रागावलीस, आये?

मंगळी : नाय. उद्या मी जाते सकुबाईकडं. असलं फोनवर नाय सांगवत. ती पण माज्यासंगं मोळ्या वाहायची, तिनं पण आपल्या पोराच्या तोंडातनं असलं बिस्कीट काढलंय. पोरगी नको बोलली, एवढंच सांगीन. केळ्याचं नाय सांगणार. आईला असलं कळू नये.

जयश्री : तिला कळलं असेल, आये. मला हसत सांगितलं त्यानं. तिला पण तसंच सांगितलं असेल.