तात्पुरत्या जागेतले तीनशे बारा रविवार

...आणि वर मलाच विचारतात, तुम्हाला सांगतो, मलाच! "साहेब, माझ्या फायली कुठे गेल्या हो?" आता कुठे गेल्या म्हणजे? मी काय घरी नेल्या? बावीस वर्षं विद्यापीठाच्या संगणक केंद्रात खिडकीमागे बसतोय, एक मोठा सर्व्हर आणि त्यावर तुटून पडलेली चार हजार माणसं, प्रत्येकाला वाटतं हे यंत्र आपल्या एकट्यासाठी आणलंय... म्हणून तर नियमावली केली! मी केली, मी स्वतः, दोन महिने डोकं खाजवून, 'सामायिक संगणक सुविधांच्या जबाबदार वापराचे नियम', एकूण चौदा, खाली रेघ, रेघेवर सही. सहीशिवाय पासवर्ड नाही! आणि वाचतो का कोणी? नाव नको! कागद सरकवला की पेन आधी टेकतं, डोळे नंतर. मग चार महिन्यांनी येतात रडकं तोंड करून, आणि मी मान वर न करता विचारतो, एकच प्रश्न, "वाचून सही केलीत ना?" संपलं! माणूस गार.

नमुने तरी किती सांगू? अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला! म्हटलं, सर, हे काय? तर, "अहो, मी विसरतो हो..." म्हटलं, काळजी नको, आता सगळा मजला लक्षात ठेवतोय तुमच्यासाठी! दुसरा तो संख्याशास्त्रवाला, त्याने आठ दिवस अख्खं यंत्र अडवून ठेवलं, आणि विचारलं तर लाडात येऊन म्हणतो, "थोडंसंच गणित आहे साहेब, होतच आलंय." तुझ्या थोड्याशा गणितापायी बाहेर सदतीस माणसं खोळंबलीत रे! आणि ती इतिहासाची मुलगी, आपलं लॉगिन देऊन मोकळी, "साहेब, मावसभाऊच तर आहे, परका का आहे?" नियम तिसरा! लॉगिन मावसभावाला नाही, मामेभावाला नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही! वाचून सही केलीत ना?

पण सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे ती तात्पुरती जागा. म्हणजे कसं, सर्व्हरवर प्रत्येकाला एक पक्की जागा असते, लहानशी, तिची आम्ही रोज प्रत काढून ठेवतो. आणि एक मोठी, सगळ्यांची मिळून, तात्पुरती. पाहुण्यांची खोली समजा. या, बसा, काम करा, निघा! तिथल्या कशाचीही प्रत नाही, आणि महिनाभर न उघडलेली फाईल रविवारी दुपारी बारा वाजता आपोआप साफ. नियम नववा. पण आमची मंडळी काय करायची माहितीये? एकोणतिसाव्या दिवशी सगळ्या फायली नुसत्या उघडायच्या आणि बंद करायच्या! काम काही नाही, नुसत्या गुदगुल्या! यंत्राला वाटायचं, अरे वा, वापरात आहेत. वर्षानुवर्षं पाहुणे ठाण मांडून! मला हे कळलं ना, माझं टाळकंच सरकलं. लगेच नववा नियम बदलला. आता उघडली किती वेळा हा प्रश्नच नाही, ठेवल्या दिवसापासून तीस दिवस, एकतिसाव्याला फाईल गेली! नवा कागद, नव्या सह्या. काय खूश होतो मी स्वतःवर, काय सांगू!

आता इथे आमच्या हिचं सांगायला हवं. आमची ही त्याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवते, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हिने पीएचडीला नाव घातलं. विषय काय? मुंग्या! ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला एक भेग आहे, त्या भेगेतून मुंग्या कोणत्या वाटेने जातात, वाट अडली की काय करतात, हे बघायचं. दर रविवारी सकाळी कॅमेरा लावून एक तासाचा व्हिडिओ. सहा वर्षं! एक रविवार चुकवला नाही बाईने. ताप असताना गेली, पाऊस असताना छत्री मुंग्यांवर धरली. मला म्हणायची, "चला ना एकदा, गंमत असते." मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." सहा वर्षं पुढचा रविवार!

आणि मी नियमाचा असा पक्का की घरच्या माणसाला काडीची सवलत नाही. हिलाही अर्ज भरायला लावला, हिनेही सही केली. वाचून केली हं! अख्ख्या विद्यापीठात वाचणारी ही एकटी असेल. चारदा वाचून म्हणाली, "सातवा आणि बारावा नियम एकमेकांना छेद देतात." मी विषय बदलला.

तर झालं काय, घरातली हिची डिस्क कुरकुरायला लागली. सगळे व्हिडिओ तिच्यावर. हिने घाईघाईने ते सगळे सर्व्हरवर चढवले, पक्क्या जागेत मावेनात म्हणून तात्पुरत्या जागेत, आणि दोन दिवसांत डिस्क कायमची बंद पडली. जेवताना मला म्हणाली, मला ते आता लख्ख आठवतंय, तेव्हा मात्र ऐकूच आलं नव्हतं, "अहो, मुंग्या तुमच्या त्या तात्पुरत्या जागेत टाकल्यात, मोठ्या जागेचा अर्जही केलाय, तुम्ही त्या पक्क्या जागेत हलवाल ना?" आणि माझा डावा हात फोनवर, फोनवर नव्या नवव्या नियमाचं कौतुक करणारं कुलसचिवांचं पत्र... मी काय म्हणालो?

"हं."

आता लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाचं 'हं' म्हणजे काय असतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण हिने ते खरं धरलं! पुढे सूचनेची चिठ्ठी आली हिला, 'आपल्या फायली सात दिवसांत काढल्या जातील', ती माझीच चिठ्ठी, माझ्याच शब्दांत. हिने ती मला दाखवली, "अहो, ही काय म्हणते?" आणि मी न वाचताच, "अगं, ती सगळ्यांना जाते, तू नको लक्ष देऊस." मी! मी म्हणालो हे! जे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याला दारात उभा केला नसता...

आणि तो रविवार. ही सकाळी भिंतीपाशी जाऊन आली होती, वहीत काहीतरी लिहीत बसली होती. मी समोर लॅपटॉप उघडून पहिली साफसफाई बघतोय, कारण नव्या नवव्या नियमाचा पहिला हप्ता ना! भराभर नावं सरकताहेत, मोठमोठे व्हिडिओच व्हिडिओ, खात्याला नाव नसतं, नुसता नंबर असतो. मी खुशीत म्हणालो, "बघ, कोणीतरी सिनेमे भरून ठेवले होते!" ही म्हणाली, "काय एकेक माणसं असतात!" मी म्हणालो, "चाळीस टक्के जागा मोकळी, एका फटक्यात!" ही म्हणाली, "छान झालं हो," आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. चहा, तुम्हाला सांगतो! आणि मी तो प्यायलो.

मंगळवारी खिडकीपाशी नेहमीची रांग. मी आपला मान खाली घालून तक्रारींचे कागद घेतोय. एक कागद आला, 'तात्पुरत्या जागेतील तीनशे बारा व्हिडिओ दिसत नाहीत.' मी सवयीने, मान वर न करता, "वाचून सही केलीत ना?"

"हो," आवाज आला, "चार वेळा वाचून केली."

आवाज ओळखीचा! मान वर करायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू... रांगेत उभी होती हो ती, सगळ्यांसारखी, पर्स खांद्याला, हातात पेन. घरी नाही म्हणाली काही. मोठ्याने नाही बोलली. माझा नियमच असा ना, तक्रार खिडकीवर, कागदावर! म्हणून खिडकीवर आली. आणि हळूच विचारलं, "तुम्ही ऐकून 'हं' म्हणाला होतात ना?"

सगळं यंत्र पालथं घातलं मी, सुट्ट्या काढून, हाताखालच्यांच्या विनवण्या करून. पण प्रत नाही ती नाहीच, मीच तर बजावून लिहिलंय! आणि जिवाला लागलं ते हे, की ती त्या फायली रोज उघडत होती. रोज! मुंग्या मोजत होती ना. गुदगुल्या नाहीत, खरं काम. जुन्या नियमाने केसाला धक्का लागला नसता. चार महिन्यांत प्रबंध द्यायचा होता, परीक्षकांना मूळ व्हिडिओ हवे होते, नुसते आकडे नको. सहा वर्षांचं काम गेलं. लबाडी करणारे सगळे सुटले, त्यांनी फायलींची नावं बदलून पुन्हा ठेवल्या! गेलं ते एकटीचं, नियम वाचणारीचं. मला वाईट वाटतं. रोज वाटतं. लोकांना वाटतं व्हिडिओंचं वाटतं, पण ते तीनशे बारा रविवार होते हो, आणि त्यातल्या एकातही मी नव्हतो.

ही रडली. एक दिवस, दार लावून. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांकडे जाऊन विचारून आली, पुन्हा पहिल्यापासून करता येईल का. येईल म्हणाले. होईल तेव्हा सत्तावन्न पूर्ण झालेली असेल.

मी आपला नववा नियम रद्द करून घेतला. आता कोणाला "वाचून सही केलीत ना" विचारत नाही, तोंडच होत नाही. आणि घरी इतका गरीब झालोय की परवा हिने जेवताना एक कागद पुढे केला, म्हणाली, "इथे सही करा." म्हटलं, हिने सांगितलं आणि मी खळखळ करू? कोणत्या तोंडाने? "हं" म्हणालो, केली सही.

रविवारी सकाळी सहाला हिने उठवलं. हातात कॅमेरा, स्टूल, छत्री. म्हटलं, हे काय? तर कागद दाखवला. हिच्या अक्षरात, एकच नियम. 'पुढील सहा वर्षे दर रविवारी भिंतीपाशी दोघांनी जायचे, आणि तिथे बोललेले ऐकायचे.' खाली रेघ, रेघेवर माझी सही!

मी म्हटलं, "अगं, पण सहा वर्षं? एकही रविवार सुट्टी नाही?"

ही छत्री माझ्या हातात देत म्हणाली, "वाचून सही केलीत ना?"