फ्रेमला पडलेला पीळ

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या प्राचार्या आदरणीय मंजुषा मॅडम, मंचावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते वेल्डिंगचे निदेशक नरसिंग खिल्लारे सर, कुरुंद्याहून आलेल्या त्यांच्या पत्नी कमलबाई वहिनी, सहकारी बंधू-भगिनी आणि प्रशिक्षणार्थी मित्रहो.

मी ओमप्रकाश राठोड. मोटार मेकॅनिकचा वर्ग माझ्याकडे असतो. मला पाच मिनिटं दिलीत. सरांच्या चौतीस वर्षांना पाच मिनिटं कशी पुरायची? म्हणून एकाच कामाविषयी बोलतो.

शेडमध्ये आपला डायनो उभा आहे. पाहुण्यांसाठी सांगतो, हे गाडीची ताकद मोजायचं यंत्र. लोखंडी फ्रेमवर दोन रोलर, रोलरवर मोटारसायकलचं मागचं चाक. गाडी जागेवरच पळते आणि चाकापर्यंत किती जोर पोचतो ते आकड्यात कळतं. विकतचं यंत्र आपल्याला कुठलं झेपायला? ते घरीच करायची हौस माझी. मापं मी काढली, आणि लोखंड जोडायचं काम अर्थातच सरांकडे गेलं. हौस एकाची आणि धग दुसऱ्याला, असं आमचं वाटप.

सरांचं वेल्डिंग पाहणाऱ्याला कंटाळा येईल इतकं सावकाश. एक टाका इकडे, एक समोरच्या कोपऱ्यात, मग चहा. मी म्हणायचो, "सर, या चालीनं दिवाळी येईल." ते म्हणायचे, "येऊ द्या. लोखंडाला घाई चालत न्हाई." जोडलेली फ्रेम क्लॅम्पमध्ये आवळून रात्रभर तशीच ठेवायची, हा त्यांचा नियम. गरम असताना सोडली की ती वाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम जमिनीवर ठेवली, तर एक पाय बोटभर अधांतरी. रोलर बसेना. आणि मी काय केलं? वीस पोरांसमोर, मॅडम नेमक्या दारात उभ्या असताना, मोठ्यानं बोललो, "सर, आता हात थरथरून राहिला वाटतं तुमचा."

सर म्हणाले, "बराबर हाय. वेल्ड माझंच हाय." एवढंच. मग ग्राइंडर घेतला, सगळे जोड कापले आणि तीन दिवसांत फ्रेम पुन्हा उभी केली. आपली प्रशिक्षणार्थी दीक्षा त्यांच्या हाताखाली होती, तिला विचारा.

आता जे सांगायचं आहे ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. फ्रेम वाकलेली दिसली त्याच्या आदल्या संध्याकाळी सर घरी गेल्यावर मला एका कामाला क्लॅम्प हवे होते. फ्रेम अजून हाताला चटका देत होती. चार क्लॅम्प मी काढले. मी. आणि विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर ते दिसले, तेव्हा फ्रेम कशानं वाकली ते कळलं.

त्या रविवारी कुरुंद्याला गेलो. वहिनींनी चहा दिला, पण बोलल्या, "तुमच्या मशीनपायी त्या दिवशी ताट तसंच सारलं यांनी. असं कधी केलं न्हाई." मी सरांना विचारलं, "तुमाला ठाऊक व्हतं?"

"व्हय. क्लॅम्प तुमच्या टेबलावर दिसले व्हते."

"मग बोलला काहून न्हाई?"

सर म्हणाले, "तुमच्या हाताखाली पोरं अजून वीस वर्सं शिकनार हायेत. त्यांचा भरोसा राहू द्या. माझे तर चारच महिने उरले."

मी चहा प्यालो आणि परत आलो. ते चार महिने मी गप्प राहिलो, आणि मला लाज वाटते ती याची. गेल्या आठवड्यात कळलं, की निवृत्तीनंतर सरांना तासिकेवर बोलवायचं ठरलं होतं आणि ते नाव यादीतून गेलं. कारण काय, तर हात स्थिर राहिला नाही. सरांना शिकवायचं होतं, हे वहिनी जाणतात. मॅडम, आपला दोष नाही. आपण माझं ऐकलंत, आणि मी चुकीचं बोललो होतो. सरांच्या हाताला काहीही झालेलं नाही. यादी अजून फलकावर लागलेली नाही. निर्णय आपला आहे. खरं काय ते सांगणं माझं काम होतं.

सर, अपमान वीस पोरांसमोर केला होता. ती पोरं इथंच बसली आहेत. त्यांच्यासमोर तुमची माफी मागतो.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचा आभारी आहे. या भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या संध्याकाळी माझ्या हातून जे झालं, ते मात्र कुणी पोटात घालू नका.