वरडणारा ब्रेक

काय सांगू तुमाला, आमचं गाव लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडं, खडकाळ माळावरचं, माझा जल्म कोन्त्या सालचा ते आईलाबी सांगता यायचं न्हाई, पण बाहत्तरच्या दुष्काळात मी धा-अकरा वर्सांचा होतो, येवढं खरं. हिरी आटल्या, मंग गावात बोअर पाडला आन् हापसा बसला. पाणी भरायचं काम आमच्या आक्काचं. आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, चार-पाच वर्सांनी मोठी, पण अंगानं काडी. हापशाच्या दांड्याला लोंबकळायची तरी दांडा खाली यायचा न्हाई, आन् मागं बाया वरडायच्या, आटप गं पोरी, आटप. मला लई राग यायचा. सडकेच्या कामावर लोखंडी नळीचा एक तुकडा घावला, तो मी दांड्यावर चढवून तारेनं आवळला, दांडा हातभर लांब झाला, आन् काय सांगू, आक्का एका हातानं हापसायला लागली. दांडा लांब तर जोर कमी, हे मी तितं शिकलो. पुढं हापसा कुईकुई करायला लागला. मीच आक्काला म्हनलो, वरडतंय म्हंजे तेल मागतंय, घाल थोडं. भाजीला तेल न्हवतं हो घरात, तरी तिनं देवाच्या दिव्यातलं करडीचं तेल दोन थेंब आणून सांध्यात घातलं आन् वरडायचं थांबलं. ध्यानात ठिवा हे.

त्याच दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दाजींच्या उजव्या पायावर धोंडा आला. तवा ते दाजी न्हवते, आक्काशी लगीन पुढं झालं. पाय राहिला पण पंजातला जोर गेला. मानूस लई गरीब सभावाचा. मी तवा एका गॅरेजात नुस्ते पाने उचलून द्यायचो, तवापासून मला मेस्त्री म्हनायचे, आन् अहोजाहो करायचे. सख्ख्या मेव्हन्याला कोन अहो म्हनतं?

मंग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, आन् फटफट्या आल्या. मी लातुरात पत्र्याचं गॅरेज टाकलं. दाजींनी तिकडं गावाकडं म्हशी घेतल्या, एक जुनी फटफटी घेतली, आन् दोन्ही अंगाला दुधाचे कॅन अडकवून रोज सकाळी लातूरला दूध घालायला लागले. पण मागचा ब्रेक त्यांना जमंना. पायात जोर न्हाई, तर आधी लागायचाच न्हाई, मंग सगळं अंग टाकून दाबला की एकदम चाक जाम, आन् भरल्या कॅनसंगं गाडी आडवी सरकायची. दोनदा सगळं दूध सडकेवर गेलं. आक्का मला म्हनली, दुनियेच्या गाड्या नीट करतो, यांचा एक पाय नीट कर की.

केला. मागच्या चाकाच्या ड्रमला बाहेरून एक दांडी असते बघा, पायानं ब्रेक दाबला की सळई त्या दांडीला वढती, तवा आतले दोन लायनर फाकतात आन् ड्रमला घासून चाक धरतात. ती दांडी मी दोन बोटं लांब केली. हापशाचीच अक्कल, दुसरं काय. चांगली जाड पट्टी लावली, वेल्डिंग मारलं, लायनरच्या कडा कानशीनं उतरवल्या, म्हंजे एकदम चावायचं न्हाई, हळूहळू धरायचं. दाजींनी मोकळ्या माळावर चालवून बघितली. नुस्त्या अंगठ्यानं दाबलं तरी गाडी दावं वढल्या म्हशीवानी हळूच हुबी. हसले. म्हनले, मेस्त्री, पाय वापस दिला तुमी मला. असं मला आयुष्यात पुन्हा कोनी म्हनलं न्हाई.

त्या वर्सी पुन्हा पाऊस न्हाई, वरून सडक रुंद करायचं काम निघालेलं. सगळा फुफाटा ड्रममधी जायचा आन् ब्रेक कुईकुई वरडायचा. दाजींनी इचारलं, हे काय हो मेस्त्री? मी म्हनलो, वरडू द्या, वरडतंय तवर धरतंय. दाजींना म्हनलो. आक्काला न्हाई म्हनलो. तिला कुठं गाडी चालवायची होती? असं माझं डोकं.

एका सकाळी निरोप आला. फाट्याच्या उताराला खडीचा ट्रक हुबा होता, दाजी मागून जाऊन आदळले. जागेवरच गेले. सडकेवर चाक घासल्याची खूणसुदा न्हवती. पंचनामा झाला, गाडी माझ्याच गॅरेजात आणून टाकली. मी ड्रम खोलला. दांडी जागच्या जागी, वेल्डिंगला चीर न्हाई, सळई सरळ. पण लायनर वले, काळे, आन् वास. करडीच्या तेलाचा वास. लायनरला तेल लागलं की ते चाक धरत न्हाई, नुस्तं घसरतं.

मातीला गेलो. आमच्यात जाळत न्हाईत, माती देतात. आक्का मला बघून उठली, रडत रडत म्हनली, अरे काल सांजच्यालाच मी त्या दांडीच्या सांध्यात पळीभर तेल घातलं होतं, वरडायचं थांबलं होतं, मंग लागला कसा न्हाई रे? सगळी भावकी बसलेली. तिच्या मांडीवर लेकरू. आता तुमीच सांगा, मी काय बोलायचं होतं? येक सबूद बोललो असतो तर मी सुटलो असतो, आन् ती? ती कशी जगली असती? मंग तीच म्हनली, तू तो दांडा वाढवला, तूच मारलं त्यांला. मी म्हनलो, हाव आक्का, माझं चुकलं.

तितून तिचं दार बंद. राखी न्हाई, भाऊबीज न्हाई, भाच्याच्या लग्नाची पत्रिका न्हाई. लातुरात दांडेवाला मेस्त्री म्हनून नाव पडलं, ब्रेक दाखवायला लोक दुसरीकडं जायचे. मी मोठ्या मनाचा बिनाचा न्हाई हो, मला लई राग यायचा. तिचा यायचा, तेलाचा यायचा, आन् सगळ्यात जास्ती त्या हापशापाशी हुबारलेल्या शान्या पोराचा, वरडतंय म्हंजे तेल मागतंय म्हननाऱ्याचा. तीच अक्कल शिकवली होती न मी तिला. चाळीस वर्सं मी त्या पोराला शिव्या देत आलो.

गेल्या उन्हाळ्यात आक्कानं बोलावून घेतलं. खाटेवर पडलेली, पुन्हा तशीच काडी. माझा हात धरला आन् म्हनली, मी तुला माफ केलं रे. मी म्हनलो, उपकार झाले आक्का. तिसऱ्या दिवशी गेली. म्हनून तुमाला सांगतोय, न्हाईतर हे माझ्यासंगं मातीत जानार होतं. पण लिवताना तिचं नाव घालू नका. भाचा वाचंल.

भाचा लातुरातच नोकरीला हाय. रोज माझ्या गॅरेजवरून जातो, थांबत न्हाई. त्याच्या गाडीचा मागला ब्रेक चौकात असा वरडतो की लोक वळून बघतात. मी हातातला पाना खाली ठिवतो आन् तो कोपऱ्यावर वळंस्तोवर ऐकत बसतो. वरडू दे बाबा. महादेवा, त्याला तेल घालनारं कोनी भेटू देऊ नको.