आईसकट उचललेली अँबेसेडर

गाडी चोरीचं निघालंच आहे, तर आमच्या आईचं ऐका.

हुडको कॉलनीत आमच्या घरासमोर बाबांची जुनी अँबेसेडर उभी होती. बाबा मित्राकडे गेले होते. भरदुपारी दोघं क्रेन घेऊन आले. "आंटी, अंकलने गाडी सर्विसिंग के लिए मंगाई है."

बाबा त्या गाडीले कोणाले हातही लावू देत नव्हते. आईनं फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तोवर गाडीले साखळी लागली होती. आई धावत जाऊन स्टेअरिंगवर बसली, आतून दारं लावली अन् हॉर्न दाबून धरला. लोकं म्हणतात, चोर घाबरले असतील. कशाचे घाबरतात! तिच्यासकट गाडी उचलून निघाले.

कॅम्प-वन वस्तीच्या बाजारात हॉर्न ऐकून लोकांनी क्रेन अडवली. दोघंही उड्या मारून पळाले.

आईनं पुन्हा फोन केला, तेव्हा बाबा धापा टाकत पोचले. गाडीकडे पाहिलंही नाही. "चुलीत गेली ते गाडी! तुले काही झालं असतं तर? कावून बसली तू आत?"

आईनं आतून लावलेलं दार उघडलं. म्हणाली, "मले वाटलं, तुमी आल्यावर पहिले गाडीच विचारान."