फळ्यावरचा तांबडतुऱ्या

...आणि वर बायको मलाच म्हणते, "श्श! हळू बोला जरा!" अहो, माझ्याच बाकापाशी मला? तुम्हाला सांगतो, गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून मी रोज चालत जायचो, आमच्या वसाहतीमागच्या निसर्ग केंद्रात, तळ्याकाठच्या बाकावर बसायला! दीड वर्ष. ना बायको, ना बातम्या, ना मेहुणा... स्वर्ग हो!

पण फाटकाशी एक फळा आहे. 'आज काय दिसलं?' निघताना ज्याला जे दिसलं ते खडूनं लिहायचं, खाली नाव. मी रोज लिहायचो, 'बदक'. आता बदकच दिसायचं, त्याला मी काय करू? एक दिवस मेहुणा आला, गळ्यात दुर्बीण, त्यानं अकरा पक्षी लिहिले. अकरा! आणि लगेच बहिणीला फोन, "ताई, भावोजी दीड वर्षात एक बदक शिकले बरं का!" माझं डोकंच सटकलं! शेजारी पक्ष्यांचा तक्ता टांगलेला, त्यात कोपऱ्यात एक तांबड्या तुऱ्याचा, खाली 'अतिदुर्मिळ'... म्हटलं, आपलं काय जातंय? दिलं ठोकून, 'तांबडतुऱ्या, बाकासमोर!'

दुसऱ्या दिवशी बघतो तर बाकावर चौघं, मागे दहा जण, एकेकाचा कॅमेरा तोफेएवढा! "काका, नक्की कुठे दिसला?" म्हटलं, आपलं काय जातंय? दाखवलं बोट त्या लव्हाळ्याकडे. तर एक बाई किंचाळल्या, "दिसला!" मग काय, सगळ्यांनाच दिसायला लागला! केंद्राच्या संचालिका धावत आल्या, डोळ्यांत पाणी, "काका, जोडी होती का हो?" इतक्या मायेनं विचारलं... म्हटलं, आपलं काय जातंय? "होती," म्हटलं.

"मग घरटं असणारच!" झालं! ताबडतोब दोरी बांधली. पिल्लं उडेपर्यंत वाट बंद. आणि माझं बाक? दोरीच्या आत!

मी गेलो हो संचालिकाबाईंकडे, कबूल करायला. लाज सोडून सांगितलं, "बाई, मी थाप मारली." तर त्या म्हणतात, "किती हा विनय! अहो, काल सतरा जणांनी पाहिला." त्या सतरांत मेहुणा! बायकोसुद्धा! जिला कावळा नि कबुतर एकच, ती म्हणते, "अहो, काय गोंडस तुरा!" वर माझा सत्कार, हिरवी टोपी, आणि पहिला मान म्हणून दोरीपाशी पहारा. रोज दोन तास. उभ्यानं! या गुडघ्यांनी!

शेवटी काल धीर केला आणि फळ्यावर खरं ते लिहिलं. 'बदक.' बाईंनी प्रेमानं पुसलं, दुरुस्त केलं, 'तांबडतुऱ्या, पाठमोरा'... आणि खडू माझ्या हातात दिला, "काका, सही."

केली. म्हटलं, आता आपलं काय जातंय... बाक तर गेलंच आहे!