बुटकी गाडी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन अनोळखी गृहस्थ आपापल्या नंबरची वाट बघत बसले होते.

“बाहेर ती लाल, बुटकी इटालियन स्पोर्ट्स कार तुमची का हो?”

“माझीच. जुनी घेतली. आधीच्या मालकाने नऊ वर्षं नुसती झाकून ठेवलेली.”

“आणि तुम्ही?”

“रोज चालवतो. भाजी आणायलासुद्धा तीच.”

“पण इतक्या खालून उतरता कसं?”

“मी आधी उतरतो. मग वळसा घालून पलीकडे जातो आणि हिचे दोन्ही हात धरून हिला बाहेर ओढतो.”

“भर बाजारात?”

“भर बाजारात.”

“त्यापेक्षा एखादी उंच गाडी घ्या की. वहिनींच्या गुडघ्यांना आराम पडेल.”

“विचारलं तिला. नको म्हणाली.”

“गुडघे दुखत असूनही?”

“तिचे गुडघे ठणठणीत आहेत हो. इथे मी माझी कंबर दाखवायला आलोय.”