शेवटी उतरायचं, आधी चढायचं

अथेन्सच्या विमानतळावर माझ्या शेजारी एवान्थिया नावाची म्हातारी चाकाच्या खुर्चीत बसली होती. एका विमानातून नुकतीच उतरली होती, आता तिला खिओस बेटाचं विमान गाठायचं होतं. मागे खुर्ची ढकलणारा मदतनीस स्तामातिस.

"अरे, मला विमानातून सगळ्यात शेवटी का उतरवलंस?"

"खुर्चीवाल्यांचा नियमच आहे, आजी."

"बरं. आता पुढच्या विमानात?"

"खुर्चीवाले सगळ्यात आधी चढतात. पण लोक चढायला लागलेत, म्हणजे तुमची वेळ गेली."

"वा! ज्यानं हा नियम केला, त्याचे गुडघे शाबूत असणार."

"संध्याकाळी दुसरं विमान आहे ना."

"बाप्तिस्मा दुपारी आहे, बाळा. मी धर्ममाता. मी नाव सांगितल्याशिवाय पाद्री पोराला पाण्यात बुडवणार नाही."

"मी काय करू? खुर्ची विमानाच्या दारापर्यंत उचलणारी लिफ्टची गाडी दुसरीकडे गेली."

"चालणाऱ्यांसाठी दार उघडं आहे?"

"आहे. पण शिडी चढावी लागेल. गुडघे दुखतील."

"ते इथं बसूनही दुखतायत. हात दे."

"आणि खुर्ची?"

"तिला पाठव संध्याकाळच्या विमानानं. तिची कुणी वाट बघत नाहीये."